डेटनचा शेवटचा सेट

मालक, आमचा टेनिसचा संघ तुम्ही विकलात. वर पेपरात छापून आणलंत की डेटनच्या लोकांना टेनिसची आवडच नाही. साफ खोटं. आधी आईस हॉकीचा हॉल, मग जत्रेचं मैदान, शेवटी मॉलचं पार्किंग... न्याल तिथे हे लोक 'डेटन किंगफिशर्स'च्या मागे आले. दोनदा संघाचं नाव बदललंत, तरी आले. पहिल्या मोसमापासून येणाऱ्यांत एक होती टायरच्या दुकानातली रोझाली व्होगेल — हातात गाईच्या गळ्यातली भलीमोठी घंटा घेऊन.

त्या घंटेवरूनच तिची एमरी कोवाचशी गाठ पडली.

एमरी संघात नवा, क्लबातल्या सभ्य टेनिसमध्ये वाढलेला. पहिल्याच सामन्यात तो सर्व्हिसला उभा राहिला, घंटा खणखणली, आणि या बाबाने चक्क हात वर करून शांततेची विनंती केली. सांघिक टेनिसमध्ये! इथे लोक तिकीटच मुळी ओरडायला काढतात. सगळं पार्किंग खो खो हसलं. एमरी कानापर्यंत लाल, आणि सर्व्हिस जाळ्यात.

सामन्यानंतर लिंबू सरबताच्या रांगेत तो नेमका तिच्या मागे आला.

"घंटा दिसली," तो म्हणाला. "गाय कुठे ठेवलीत?"

"घरी. तिला टेनिस कळतं ना, म्हणून आली नाही."

तो इतका मोकळा हसला, की रोझालीच्या हातातलं सरबत हिंदकळलं.

मग जुलैभर एमरीच्या गाडीची हवा कमी होऊ लागली. दर एक-दोन दिवसांनी स्वारी दुकानात हजर. आणखी हवा भरलीस तर गाडी उडेल, असं रोझाली सुनवायची. तो खुशाल बसून राहायचा. हॉलचं गळकं छप्पर, पावसात छत्र्या धरून पाहिलेला सामना — संघाचा सगळा इतिहास तिने त्याला ऐकवला. तो ऐकायचा कमी, रबराने काळ्या झालेल्या तिच्या बोटांकडे बघायचा जास्त. तिला ते कळायचं. बोटं पुसायला ती मुद्दाम वेळ लावायची...

आणि मग संघ दूरच्या फिनिक्स शहराला निघाल्याची बातमी आली. खेळाडूंनाही तिकडे येण्याचे करार आले. रोझालीने त्याला काही विचारलं नाही. विचारायला ती त्याची कोण होती?

शेवटच्या सामन्यात डेटन सगळ्या सेटमधल्या गेमांच्या बेरजेत मागे होतं. या खेळाचा एक नियम मोठा गमतीचा आहे : मागे पडलेल्याने शेवटचा सेट जिंकला, तर सामना संपतच नाही. पुढे असलेल्याने एक गेम घेईपर्यंत किंवा बरोबरी होईपर्यंत चालूच राहतो. एमरीने जोडीदारणीच्या साथीने सेट काढला, वर दोन गेमही काढले. तिसरा गेला. डेटन हरलं, पण लोक उभे राहून जिंकल्यासारखे ओरडत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामगार पार्किंगवर अंथरलेल्या चार रंगांच्या कोर्टाचे सुटे तुकडे ट्रकमध्ये चढवत होते. रोझाली बघायला आली होती. एमरी खांद्यावर बॅग अडकवून तिच्याजवळ आला.

"रोझी, महिनाभर तू माझ्या पुढे आहेस. मी अजून एक गेमही घेतला नाही."

"मग?"

"मग... खेळ चालू ठेवणं मागे पडलेल्याच्याच हातात असतं ना?"

 फिनिक्सच्या करारावर सही केली नाही, हे त्याने कसंबसं सांगितलं, आणि मग तो भलतीकडेच वळला. डेटन चांगलं आहे, शाळेला टेनिस शिकवणारा हवाय, हवा मानवते...

"डेटनचं कौतुक नको," रोझालीने त्याला तोडलं. "मालकांनीही आधी कौतुकच केलं होतं, मग संघ विकला. तू माझ्यासाठी राहतोयस का? हो की नाही — ट्रक हलायच्या आत सांग."