सातवी चकती

त्या रविवारी दुपारी मी लॅबमध्ये गेले ती फक्त एक प्लेट बघायला. तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरून निघताना भाजीवर झाकणसुद्धा ठेवलं नव्हतं; म्हटलं, अर्ध्या तासात तर परत येते. जेठ महिना होता आणि गरम वाऱ्याची लू अशी सुटली होती की रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. रायपूर राजधानी होऊन तीन वर्षं झाली होती. तेवढ्यात आमच्या इस्पितळाच्या तीस खाटांच्या दीडशे झाल्या, पण लॅब तीच राहिली, तळघरातली, दोन खोल्यांची. पुढच्या खोलीत मी काम करायची, मागची खोली म्हणजे स्टोअर. रुग्णाच्या अंगातले जंतू वाढवायचे आणि ते कोणत्या औषधानं मरतात ते लिहून द्यायचं, हे मी तोवर सतरा वर्षं करत आले होते. माणूस बरा झाला की नाव डॉक्टरचं, आणि मेला की म्हणे लॅबचा रिपोर्ट उशिरा आला. असो.

त्या दिवशीची प्लेट माझ्या नवऱ्याची होती. मारोती भनपुरीला सळयांच्या मिलमध्ये कामाला होते. तापलेली सळई रुळावरून सुटली आणि त्यांच्या डाव्या पायावर आली. अकरा दिवस वॉर्डात काढले, पण जखम भरण्याऐवजी हिरवी पडत चालली. सकाळीच वॉर्डाच्या डॉक्टर मंजिरी मॅडमनं मला बाजूला घेतलं. पोरगी हुशार, घरी मराठी बोलणारी, पण इस्पितळात हिंदीच.

"दीदी, इस प्लेट में भी कोई दवा नहीं निकली तो कल ग्यारह बजे पैर निकालना पड़ेगा. घुटने के ऊपर से. खून में फैल गया तो..."

"पुढचं नका बोलू, मॅडम," मी म्हटलं.

काम तसं सोपं असतं. प्लेटवर जंतूंचा थर पसरायचा, त्यावर वेगवेगळ्या औषधांत भिजलेल्या कागदाच्या बारक्या चकत्या ठेवायच्या आणि रात्रभर उबेच्या पेटीत ठेवायचं. औषध चाललं, तर चकतीभोवतीचे जंतू मरून स्वच्छ कडं पडतं. चाललं नाही, तर थर थेट चकतीला येऊन भिडतो.

मी प्लेट काढून खिडकीच्या उजेडात धरली. चकत्या सहा, आणि कडं एकाभोवतीही नाही. हिरवट थर सगळीकडे पसरलेला आणि त्याला तो गोड वास, मोहाची फुलं अंगणात वाळत घातल्यासारखा. या जंतूचा वासच तसा असतो. लहानपणी तो वास मला आवडायचा.

मी जुनी फाइल काढली, कारण हे असंच मी आधी पाहिलं होतं. फाल्गुनात नीलकंठकाका गेले, तेव्हा त्यांचा रिपोर्ट मीच लिहिला होता. काकांनीच मला हे काम शिकवलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली, पायाला साधा खिळा लागला, आणि आमच्याच इस्पितळात वीस दिवसांत संपले. त्यांच्या कागदावर सहा औषधं, सहाहीपुढे मी 'दाद नाही' लिहिलेलं. खाली कोरी जागा, आणि मग माझी सही.

काकांच्या काळात तयार चकत्या मिळत नसत. ते स्टोअरमध्ये बसून ऑफिसच्या पंचिंग मशीननं जाड कागदाच्या चकत्या पाडायचे, खट्... खट्..., आणि औषधात भिजवून वाळवायचे. रुमालाला कायम निलगिरीचं तेल लावलेलं. माझ्यावर त्यांचा एकच राग होता. माझ्या घरी बिस्किटाच्या डब्यात उरलेल्या गोळ्या असायच्या. कोणाचा ताप उतरला की राहिलेली पट्टी माझ्या डब्यात यायची, आणि दुसऱ्या कोणाला ताप आला की त्यातल्या दोन त्याला जायच्या. पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, मला डॉक्टरीणबाई म्हणत, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? काका म्हणायचे, "वनमाला, अर्धी पट्टी देत नको जाऊ कोणाले. अर्ध्यानं जंतू मरत नाही पोरी, शिकतात." मी हसायची. मारोतींना तर मिलमध्ये खरचटलं तरी मी त्याच डब्यातून द्यायची. त्यांच्या पायातला जंतू माझ्या घरी शिकला की वॉर्डात, हे आता कोण सांगणार? पण त्या दुपारी मला ते माझंच पाप वाटलं.

तरी हात बांधून बसणं मला जमत नाही. मी नवी प्लेट घेतली, तोच जंतू पसरला, ताज्या डबीतल्या सहा चकत्या ठेवल्या आणि पेटी बंद केली. तेवढ्यात वीज गेली.

कूलर घरघरत थांबला. तळघरात मिट्ट अंधार, फक्त वरच्या खिडकीतून बोटभर उजेड. कूलरच्या वाळ्याचा ओला वास हळूहळू विरला. त्या जागी निलगिरीचा आला.

खट्.

आवाज स्टोअरमधून आला होता. स्टोअरला बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली स्टोअरकीपर हिरालालकडे, तो रविवारी घरी. मी कुलपाला हात लावून पाहिला. बंदच होतं.

खट्... खट्...

मशीन रिकामंच दाबल्यासारखा पोकळ आवाज. मग दाराच्या फटीतून, जमिनीलगत, अगदी दमलेला आवाज आला.

"कागद दे, पोरी..."

हे काका रोजच म्हणायचे. बसल्या जागेवरून उठायचा कंटाळा, म्हणून दाराखालून कागद सरकवायला लावायचे. घाबरले नाही, असं मी म्हणणार नाही. पण भीतीच्या वर राग आला, इतका की डोळ्यांत पाणी आलं.

"कागद पाहिजे?" मी दाराशी खाली बसले. "येवढं शिकवलं मले, आन् तुमच्याच बखतीले काहीच सापडलं नाही काहून? आता माझ्या घरात आला तोच जंतू. मी नाही देणार त्याले माझा माणूस. ऐकून राहिले काय, काका? नाही देणार!"

हातात त्यांचाच रिपोर्ट होता, तो मी दाराखालून सरकवला.

"घ्या. तुमचाच आहे..."

खट्.

या वेळी कागद कापल्याचा आवाज होता. थोड्या वेळानं रिपोर्ट दाराखालून परत आला. सहाव्या ओळीच्या खाली, माझ्या सहीच्या वर, जिथं मी काहीच लिहिलं नव्हतं, तिथं एक गोल भोक होतं.

वीज आली. कूलर सुरू झाला. मी पेटी उघडून पाहिली नाही. वर जाऊन मारोतींच्या खाटेशी बसले आणि रात्रभर त्यांचा हात सोडला नाही.

सकाळी सातला प्लेट काढली. सहा चकत्यांना थर भिडलेला होता. पण मधोमध सातवी चकती होती, कोरी, कडेला जराशी फाटकी. तिच्याभोवती काचेसारखं स्वच्छ कडं.

हिरालाल आल्या आल्या मी स्टोअर उघडायला लावलं. जमिनीवर धुळीचा थर, त्यावर पाऊल नाही. फळीवर काकांचं गंजलेलं मशीन होतं, आणि त्याला टेकून बाटल्यांचं एक जुनं खोकं. सगळ्या बाटल्या धुळीनं माखलेल्या, एक तेवढी पुसलेली. कोलिस्टिन. मूत्रपिंडाला झेपत नाही म्हणून कधीच मागं पडलेलं औषध. माझ्या यादीत ते नव्हतं, म्हणून काकांसाठीही मी ते लावून पाहिलं नव्हतं.

"दीदी, ये तो अब कोई देता ही नहीं," मंजिरी मॅडम म्हणाल्या. "किडनी बैठ गई तो?"

"पाय कापून तरी वाचतील, अशी चिठ्ठी देता काय मले?" मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "मंग एक दिवस द्या. या बाटलीतून मी माझ्या हातानं चकत्या करून दाखवते."

मंगळवारी सकाळी कडं पुन्हा पडलं. संध्याकाळच्या गाडीनं नागपूरहून इंजेक्शनं आली. रोज लघवी मोजली, रोज रक्त तपासलं, डोस कमीजास्त केला. सहाव्या दिवशी ताप उतरला. नवव्या दिवशी मारोती घरी जायला निघाले.

"बरं वाटून राहिलं न आता! काहून टोचून घ्यायचं?"

मी त्यांच्या चपला पिशवीत घालून पिशवी मांडीखाली घेतली. "चौदा दिवस म्हंजे चौदा. एक कमी नाही."

ते पाय ओढत चालतात, पण दोन्ही पायांनी चालतात. घरी गेल्यावर डब्यातल्या सगळ्या गोळ्या मी इस्पितळाच्या भट्टीत जाळल्या. पाऱ्यातल्या बायका महिनाभर माझ्यावर रुसल्या होत्या. रुसू देत.

त्या औषधानं पुढं कितीतरी जण उठले. मग या हिवाळ्यात एका मुलीची प्लेट आली आणि त्या औषधाच्या चकतीलाही थर भिडला. मी टेबलाच्या खणातून काकांचा रिपोर्ट काढला. पहिल्या भोकाखाली दुसरं भोक होतं, कडा ताज्या. खणाला कुलूप माझंच असतं.

दुसरी चकती मला अजून सापडलेली नाही. मुलगी वर आयसीयूमध्ये आहे आणि श्वास घेते आहे. मी प्रत्येक प्लेट उजेडात धरते, पेटीचा कोपरा न् कोपरा बघते.

काल दुपारी स्टोअरमधून पुन्हा आवाज आला.

"कागद तर कापला, काका," मी जागेवरूनच ओरडले, "चकती कुठं ठेवली ते सांगा!"

दाराखालून निलगिरीचा वास आला, आणि त्याला मागं सारत मोहाच्या फुलांचा, त्या जंतूचा, इतका दाट की घसा खवखवला.

स्टोअरची किल्ली आता माझ्याकडे असते. मी तोंडाला पदर बांधला आणि कुलूप काढलं.