आषाढातली गॅसबत्ती

माझं लग्न झालं. आषाढातल्या एका बुधवारी, दिवेलागणीला, ब्रह्मपुरीच्या पलीकडच्या सागवनात, अंगावर रोजचं लुगडं आणि हाताला राकेलचा वास असताना, मुखरू नावाच्या माणसाशी झालं.

आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आमच्या घरात सगळे तसंच समजतात. आई तर इतकं मन लावून समजते, की परवा तिनं मलाच विचारलं, "कमळे, तुह्या लग्नाचं कुठी जमून राह्यलं का नाई वं?"

तर मी कुमारी कमळा. माझे बाबा गुणवंतराव, यांचा वरातीला गॅसबत्त्या भाड्यानं देण्याचा धंदा. आमच्या भागात रात्री लांबवर पांढरा लख्ख उजेड दिसला की माणसं विचारत बसत नाहीत. धुतलेला सदरा चढवतात आणि उजेडाच्या दिशेनं चालू लागतात. कारण गॅसबत्ती म्हणजे लग्न, आणि लग्न म्हणजे जेवण. आषाढ लागला की लग्नं बंद होतात आणि बत्त्या आमच्या ओसरीवर नापास पोरांसारख्या ओळीनं बसून राहतात.

अशाच एका पावसाळी दुपारी मी राखेनं काचा घासत होते, तेव्हा दारात एक पत्र्याचं नरसाळं येऊन उभं राहिलं. चांगलं टोपलीएवढं. नरसाळ्याखाली एक माणूस होता. नरसाळ्याच्या कडेवरून पाणी चारी बाजूंनी गळत होतं, आणि मधोमध त्याचा चेहरा कोरडा, गंभीर, आणि — काय सांगू — बरा होता.

"गॅसबत्ती भेटन का जी?"

"कोणाचं लग्न?"

"पाखरांचं."

मी काच खाली ठेवली. "बँड पण पाह्यजे का?"

"नाई जी. बँडानं पाखरं पळतात."

आमच्या घरात माझा विनोद कुणाला कळत नाही. हा पहिला माणूस, ज्यानं माझ्या विनोदावर आपला विनोद ठेवला. मी तिथंच थोडी वितळले. तो विनोद करतच नव्हता हे कळायला मला आठ दिवस लागले, आणि तोवर फार उशीर झाला होता.

मुखरू जंगलखात्यात कीटकांकडे होता. सागाची पानं अळ्या खातात, पान नुसतं जाळीसारखं उरतं. त्या अळ्यांचे आईबाप म्हणजे रात्री उडणारी पाखरं, पतंग. बत्ती लावली की ती येतात, काचेवर आपटतात, खालच्या नरसाळ्यात पडतात आणि नरसाळ्यातून बरणीत जातात. कुठल्या जंगलात कुठलं पाखरू किती, हे त्यावरून कळतं. खात्यानं त्याला एक लोखंडी सापळा दिला होता. तो उचलायला चार माणसं लागत. पहिल्याच दिवशी तो चिखलात रुतला तो रुतलाच. आता त्यात बेडूक राहतात आणि खात्याच्या हिशेबी त्यांची बदली होत नाही.

"उचलून नेता येईन असा पाह्यजे," मुखरू म्हणाला. "आज या बनात, उद्या त्या बनात."

बत्तीच्या टाक्यांना कथलाचा डाग देणं मला येत होतं. तो आखायचा, मी पत्रा कापून डाग द्यायची. बाबा मध्ये बसून दोघांवर लक्ष ठेवायचे, म्हणजे झोपायचे.

पहिला सापळा आम्ही बैलगाडीवर बसवला. बैलांनी समोर आपल्याच हत्तीएवढ्या सावल्या पाहिल्या आणि ते पेटलेल्या बत्तीसकट थेट बाजारात जाऊन उभे राहिले. तीन जणांनी विचारलं, नवरदेव कुठी? दुसरा कावडीवर टांगला, एकीकडे बत्ती आणि दुसरीकडे तिच्या वजनाचा धोंडा. तो झकास चालला, पण पावसाचं पाणी नरसाळ्यातून बरणीत गेलं आणि सकाळी पाखरांची आमटी निघाली.

"छप्पर पाह्यजे," मी म्हटलं.

"छप्परानं उजेड अडते."

"मंग तुमीच छत्री धरून उभे ऱ्हा, मुखरूभाऊ."

"उभा ऱ्हाईन," तो म्हणाला. मग बत्तीकडे बघत, हळूच, "...ती यावी म्हणून कितीक वेळ उभा ऱ्हाईन."

माझ्या हातातली कात्री थांबली.

"ती कोण?"

"हिरवी."

आणि मग तो बोलत सुटला. तिचा रंग केळीच्या कोवळ्या सुरळीच्या आतल्या बाजूसारखा. पंख तळव्याएवढे, प्रत्येक पंखावर एक चंद्र, आणि मागं दोन लांब शेपट्या, चालताना नाही का पदराचं टोक मागं राहतं — तशा. लहानपणी त्याच्या गोठ्याच्या दारावर एकदा बसली होती. खात्याला तिची काही गरज नव्हती. ती सागाला धक्का लावत नाही.

"खात्याले नाई पाह्यजे. मले पाह्यजे," तो म्हणाला. "अन् एक सांगू का बाई? तिले तोंडच नसते. ती जलमभर काई खात नाई, काई बोलत नाई."

तोंड नसलेली! न खाणारी, न बोलणारी! अशा बाईपुढे कुणाचा टिकाव लागणार? मी त्या दिवशी दुपारी भात दोनदा घेतला होता आणि तो त्यानं पाहिला होता.

संध्याकाळी मी जेवले नाही. सकाळी दुप्पट जेवले. दुसऱ्या दिवशी पेटीतलं हिरवं लुगडं काढून नेसले. मुखरू आला, बघतच राहिला... जवळ आला... मान तिरपी केली... मी पदर सारखा केला.

"हा रंग नाई," तो म्हणाला. "तिचा थोडा फिका हाय."

बाईबद्दल मत्सर वाटला तर निदान मैत्रिणींना सांगता येतं. पाखराबद्दल वाटला तर कुणाला सांगणार? मी ठरवलं, या सवतीला एकदा समोरासमोर बघायचंच. आणि त्यासाठी असा सापळा बनवायचा की तिची यायची इच्छा नसली तरी ती येईल.

तिसरा सापळा मी रागानं बनवला, म्हणून तो चांगला झाला. नरसाळं दोन तुकड्यांचं, एक दुसऱ्यात बसणारं. नळीच्या कडेला पाणी गळून जायला फट. तीन घडीचे बांबू सायकलच्या दांडीला बांधायचे, काच गोधडीत गुंडाळायची, आणि बत्तीमागं उजेड परतवायला एक पांढरी चादर, दोन काठ्यांवर ताणायची. सगळं एका सायकलवर. मुखरू त्याच्याभोवती हिंडत म्हणाला, "कमळाबाई, याले पाहून ती नक्की येते."

"येऊ दे," मी दात आवळून म्हटलं. "लय दिवस झाले भेटायचं हाय."

त्याच दिवशी बाबांनी झोपेतून एक डोळा उघडून जाहीर केलं, "रविवारी घुग्घुसचे बत्तीवाले पोरीले पाह्याले येऊन राह्यले. मोठं घराणं. आपल्या दुप्पट बत्त्या हायेत."

मुखरूची कानस पत्र्यावरून घसरली.

"घुग्घुस?" तो म्हणाला. "तिथी तं कोळशाची खाण."

"मंग?"

"धूळ असते. बत्तीची जाळी टिकत नाई."

"माणूस टिकला म्हंजे झालं."

"माणसाचंही काई खरं नाई." तो पुन्हा कानस चालवू लागला. जिथं घासायचं नव्हतं तिथं. "तो पोरगा... पाखरं पकडते का?"

"नाई. त्याले म्हणे मी पसंत हावो. फोटोतूनच."

"मंग नजर कमजोर असन," मुखरू म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून कानापर्यंत लाल झाला. "म्हंजे... फोटोतून कसं दिसन? फोटोत तं... तुमचं बोलणं येत नाई."

तोंड नसलेलीवर मरणारा माणूस माझ्या बोलण्याबद्दल बोलला! पण लगेच त्यानं सांगितलं, खात्याचा हुकूम आला आहे, सापळा एकदा जंगलात लावून बघायचा आणि बरण्या घेऊन डेहराडूनला, खात्याच्या मोठ्या कचेरीत, निघायचं. कधी? रविवारी.

म्हणजे रविवारी एक माणूस मला न्यायला येणार होता आणि दुसरा मला न नेता जाणार होता. माझ्या हाती बुधवारची एक संध्याकाळ होती. आमच्या धंद्याचा नेम असा, की बत्ती कुठंही गेली तरी सोबत घरचं माणूस जातं. मी गेले. मी गेले म्हणून बैलगाडी जोडून बाबाही गेले, आणि गाडीत गवतावर आडवे झाले.

बनाच्या कडेला आम्ही सापळा मांडला. खाली धानाच्या बांध्यांत पोचू पाटलाच्या टोलीची, म्हणजे पलीकडच्या वाडीची, माणसं रोवणा, म्हणजे भाताची लावणी, उरकून घरी चालली होती. पाऊस थांबला होता. सागाची पानं अजून आपल्यापुरती गळत होती. मुखरूनं पंप मारला. जाळी आधी निळी, मग पिवळी, मग पांढरी झाली आणि सारं बन एकदम डोळे चोळत उठल्यासारखं दिसलं.

चादर ताणायला पलीकडे बत्तीच्या बाजूला तो, अलीकडे चादरीआड मी. मला त्याची फक्त सावली दिसत होती. सावली माणसापेक्षा धीट असते, असं मला वाटलं.

"कमळाबाई."

"काय, मुखरू?"

मी 'भाऊ' गाळलं होतं. चादरीच्या पलीकडची काठी हलली.

"रविवारी ते घुग्घुसचे..."

"येतात."

"तुमी काय सांगान त्याइले?"

"तुमी काय सांगता, त्याच्यावर हाय."

बत्ती सूं करत राहिली. बारकी बारकी पाखरं काचेवर टप टप आपटत होती. मग माझ्या वेणीवर काहीतरी उतरलं. जड नाही, पण हलकंही नाही. कुणी हात ठेवावा तसं. मी डोळे तिरके केले. फिकट हिरवा पंख... त्यावर चंद्र... आणि खांद्यावर ओघळलेली लांब शेपटी.

सवत माझ्या डोक्यावर बसली होती. आणि खरं सांगते, ती इतकी सुंदर होती की मी त्याच्या जागी असते तर मीही माझ्याकडे पाहिलं नसतं. ओरडावंसं वाटलं. पण आवाज चोरासारखा निघाला.

"मुखरू... आली ती. माह्या वेणीवर बसली. जाळं घेऊन ये."

सावली एक पाऊल चादरीच्या टोकाकडे गेली. थांबली. परत आली.

"नाई येत."

"काऊन?"

"तिकडं आलो तं तू दिसशीन. तू दिसली का मले बोलता येत नाई, पंधरा दिवसांपासून पाहून राह्यलो. इथूनच सांगतो." सावली काठीला टेकली. "मले डेहराडूनले जायाचं नाई. म्हंजे... जा लागते. पण एकटं जायाचं नाई. हिरवी उडाली तं उडू दे... तू घुग्घुसले नको जाऊ."

मी तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा त्यातून काही निघेना.

एवढ्यात चिखलात पावलं वाजली. बांध्यांवरून टोलीची सगळी माणसं येत होती. पुढं पोचू पाटील, पोटऱ्यांना अजून रोवण्याचा चिखल, वर मात्र धुतलेला सदरा. शेजारी टोलीतली शकुबाई, ओटीत तांदूळ.

"आषाढात लगन?" पोचू पाटील म्हणाले. "असन काई घाई. बलावलं नाई तरी आमी आलो, राग नको मानू बाप्पा."

"अगा, अंतरपाट धरला बी," शकुबाई म्हणाली. "वेळेवर आलो."

मी खुलासा करायला वळले, पण वेणीवरचं पाखरू उडेल म्हणून हळू वळले. त्या गडबडीनं गाडीतले बाबा जागे झाले. अर्ध्या झोपेत त्यांना दिसलं ते असं: बत्ती, गर्दी, पांढरं कापड, अलीकडे पोरगी आणि पलीकडे पोरगा. बाबांनी आयुष्यभर हे एवढंच पाहिलं आहे. भटजींचा आवाज मागच्या माणसांना ऐकू जात नाही, म्हणून शेवटचा शब्द बाबाच मोठ्यानं ओरडतात आणि बत्ती वर धरतात. सवयीनं ते गाडीत उभे राहिले आणि गर्जले —

"सावधाऽऽन!"

तांदूळ पडले. दोन गड्यांनी काठ्या ओढल्या, चादर खाली आली, आणि मुखरू समोर उभा. केसांत तांदूळ, हातात रिकामं जाळं. हिरवी माझ्या वेणीवरून उठली आणि त्याच्या कानाजवळून बनात निघून गेली. त्यानं तिकडे पाहिलं नाही. मी नीट तपासलं. एकदाही नाही.

(दुसऱ्या दिवशी मात्र विचारलं, "कोणत्या बाजूनं गेली वं?" ते असो.)

"मले बी सांगायचं होतं," मी म्हटलं.

"काय?"

"होय."

टोलीची माणसं जेवल्याशिवाय हलेनात. शकुबाईनं तिथंच भात घातला. सकाळी भटजी म्हणाले, आषाढात मुहूर्त नाही, मंत्र नाहीत, हे लग्न झालंच नाही. पोचू पाटलांनी निरोप धाडला, आमी जेवलो, जेवलेलं लगन खोटं कसं? शेवटी तडजोड अशी झाली, की तुळशीच्या लग्नापर्यंत झालं नाही असं धरायचं आणि त्यानंतर रीतसर करायचं. घुग्घुसवाले रविवारी आले, पोहे खाल्ले, मुलगी बघायच्याऐवजी सापळा बघितला, मापं घेतली आणि गेले.

मुखरू डेहराडूनला गेला. पत्र येतं. परवाच्या पत्रात लिहिलंय, इथं एक गुलाबी सापडली आहे, फार देखणी. तिला तोंड आहे की नाही हे त्यानं लिहिलेलं नाही. म्हणून मी आज बसून हा अर्ज केला आहे.

मा. जिल्हाधिकारी साहेब, चांदा, यांचे सेवेशी —

अर्जदार ही ब्रह्मपुरी येथील कायम रहिवासी असून तिचे लग्न झालेले नाही व त्यामुळे तिला नवऱ्याची फार आठवण येते. तरी नम्र विनंती की, चालू चातुर्मास सार्वजनिक हितास्तव आजपासून समाप्त झाल्याचे जाहीर करण्यात यावे, व कार्तिक महिना, तुळशीच्या लग्नासह, पहिल्या गाडीने ब्रह्मपुरीस पाठवून देण्याचे आदेश व्हावेत. ही विनंती.

आपली नम्र,
कमळा गुणवंतराव (तूर्त)