वाफेच्या पाइपवरची वीज

"तिथे हात लावू नका!" असं कुणीतरी म्हणालं आणि त्याच क्षणी तिचं मनगट मागे ओढलं गेलं.

तिने वळून पाहिलं. बॉयलर हाउसचा फोरमन होता. उंच, घामाने निथळलेला. कामगार त्याला 'मुनी' म्हणायचे, कारण तो बोलायचा फारच कमी.

"मला गरमच पाइप हवाय," ती म्हणाली. "जितका गरम तितका बरा."

मुनी गोंधळला. मग तिचं मनगट अजून आपल्याच हातात आहे हे लक्षात येऊन त्याने ते घाईघाईने सोडलं.

ती पाच माणसांच्या एका छोट्या कंपनीतली इंजिनिअर होती. या कागद गिरणीत ती खोकं भरून सेन्सर घेऊन आली होती. त्यांना ना तार, ना बॅटरी. काड्यापेटीएवढी चकती तापलेल्या पाइपला चिकटवायची. तिच्या मागच्या धातूच्या पात्या हवेत गार राहतात आणि दोन्हीकडच्या तापमानातल्या फरकातून थोडीशी वीज मिळते. त्या विजेवर सेन्सर पंपाची थरथर मोजून संगणकाला कळवतो. एरवी वाया जाणारीच ही उष्णता! मॅनेजरसाहेबांनी तीन आठवडे दिले होते. पटलं तर पूर्ण गिरणीचं काम, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

पहिल्याच आठवड्यात, ऐन दुपारी, अर्धे सेन्सर मुके झाले. ती एकेक चकती तपासून थकली. मुनी बराच वेळ नुसता बघत उभा होता.

"पात्या आडव्या बसल्यात," तो शेवटी म्हणाला. "गरम हवेला वर जायला वाट नाही."

तिने पात्या उभ्या केल्या आणि पडद्यावर आकडे पुन्हा धावू लागले. तिला स्वतःचं हसू आलं. त्या दिवसापासून दुपारचा चहा दोघांचा झाला. बोलायची ती, ऐकायचा तो... पण ऐकताना तो असा बघायचा, की तिचं वाक्य मध्येच कुठेतरी हरवायचं. फोनवर ताईने कामाचं विचारलं, तर हिच्या तोंडी मुनीच. सेन्सर बसवायला गेली आहेस की स्थळ बघायला, असं ताईने विचारलंच.

तिसऱ्या आठवड्यात बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या पंपाची थरथर वाढू लागली. मुनीने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले.

"ठीक आहे," तो म्हणाला.

"नाही. बेअरिंग जातंय."

"बारा वर्षं ऐकतोय मी हा पंप."

"दिवसातून एकदा. माझा सेन्सर दर मिनिटाला ऐकतो."

जोडीचा पंप दुरुस्तीला गेला होता, त्यामुळे हा थांबवायचा म्हणजे सगळी गिरणी चार तास बंद. बेअरिंग धड निघालं, तर तिची तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात. मॅनेजरसाहेबांनी निर्णय मुनीवर सोडला.

मुनीने एकदा पंपाकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं.

"माझ्या कानाला काही जाणवत नाही," तो म्हणाला. "पण थांबवा. या उगाच बोलणाऱ्यातल्या नाहीत."

पंप उघडला. बेअरिंगच्या कडीला केसासारखी बारीक चीर गेली होती. मुनीने ती कडी उजेडात धरून सगळ्यांना दाखवली आणि आपला कान चुकला, असं सरळ सांगून टाकलं. कुठे आढेवेढे नाहीत, की चेहऱ्यावर रागाची रेघ नाही. जिंकली ती होती, पण मनात घोळत राहिलं ते त्याचं 'कान चुकला' हे वाक्य.

त्याच संध्याकाळी गिरणीचं सगळं काम तिच्या कंपनीला मिळालं. ती सामान आवरत होती. मुनी दाराशी येऊन हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"काम करायला आता... तुमची माणसं येतील ना?"

"हो. मी नाही."

"असं," तो म्हणाला आणि पुन्हा हात पुसू लागला.

तिने खोकं खाली ठेवलं. "मला तुम्ही आवडता. आता तुमचं सांगा."

त्याचे कान लाल झाले. त्याने तोंड उघडलं, मिटलं... "मलाही. म्हणजे — खूप. पण मला बोलायला जरा वेळ लागतो."

"रविवारी मी दिवसभर मोकळी आहे."

"रविवार पुरायचा नाही," मुनी म्हणाला आणि या वेळी त्याने तिचा हात धरला, तो सोडलाच नाही.