बिननावाच्या फायली

"ती वायर लावू नका..."

दुरुस्तीच्या दुकानात ठकी हार्ड डिस्क संगणकाला जोडणार, तेवढ्यात मागून हे शब्द आले आणि पाठोपाठ एक हातही. हात अनोळखी होता आणि त्याने तिचं मनगट चक्क धरून ठेवलं होतं. एरवी तिने त्या हाताच्या मालकाला चार शब्द सुनावले असते. पण सकाळपासून ती इतकी भेदरलेली होती, की नुसतीच वळून बघत राहिली. उंच, किडकिडीत माणूस. चष्मा कपाळावर चढवलेला... आणि डोळे असे, की ठकीला क्षणभर आपली भीतीही आठवेना.

दुकानदार डिस्क पुसून नव्यासारखी करून देणार होता. पुसली की उरलंसुरलंही जाईल, असं त्या माणसाने हळूच सांगितलं. मग नक्की काय झालं ते विचारलं आणि ठकीने त्या परक्या माणसाला सगळं सांगून टाकलं.

ठकी मावशीच्या बाहुलीघरात, म्हणजे बाहुल्यांच्या छोट्या नाट्यगृहात, ध्वनी सांभाळायची. घाबरली की लाकडी बाहुलीसारखी ताठ उभी राहते, म्हणून लहानपणीच मावशीने तिचं नाव ठकी ठेवलं होतं. बाहुल्यांचे खेळ मावशीचेच, आवाजही तिचेच. राजा ती, ससा ती, म्हातारीही तीच. घशाच्या ऑपरेशननंतर मात्र मावशीचा आवाज गेला, उरली ती फक्त कुजबुज. आता मावशी दोऱ्या हलवायची आणि तिचे जुने आवाज सीडीवरून वाजायचे. त्या सीड्यांचा चकचकीत थर सुटायला लागला, तेव्हा ठकीने प्रत्येक सीडीची जशीच्या तशी प्रतिमा, म्हणजे अख्ख्या सीडीची एक फाइल, बनवून डिस्कवर ठेवली आणि सीड्या कचऱ्यात टाकल्या. आज सकाळी बाहुलीघरातला जुना संगणक ज्याच्यावरून सुरू होईल असा पेनड्राइव्ह बनवायला ती बसली. प्रोग्रॅम फुकटचा, भला. त्याने विचारलं, कुठे लिहू? ठकीने यादीत पेनड्राइव्हच्या खालची ओळ दाबली. ती ओळ त्या डिस्कची होती, आणि प्रोग्रॅमने जुनं पुसून तिच्यावरच लिहिलं.

"दुसरी प्रत?" त्याने विचारलं.

ठकी ताठ उभी राहिली. त्याला उत्तर कळलं.

तो शेजारच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. फावल्या वेळात मात्र हरवलेल्या फायली शोधणाऱ्या एका फुकट प्रोग्रॅमवर काम करायचा. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं मिळून तो लिहीत होती, आणि कुणीही उघडून वाचावा, सुधारावा असा तो सगळ्यांसाठी खुला होता. पैसे किती घ्याल, असं ठकीने विचारल्यावर तो म्हणाला, "पैसे नाहीत. पण तुम्हाला रोज यावं लागेल."

"का?"

"सापडलेल्या फायलींना नावं नसतात. कोणाचा आवाज कुठला, ते मला कसं कळणार?"

कारण खरंच होतं. पण ते सांगताना त्याचे कान लाल का व्हावेत, याचा विचार ठकी घरी जाईपर्यंत करत होती.

काचा घासायच्या यंत्रामागे एक अरुंद खोली होती. पाण्याचा आणि ओल्या काचेचा वास. आधी त्याने दुसऱ्या एका प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल काढायला घेतली. जे काय करायचं ते नकलेवर, मूळ डिस्कला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम. पडद्यावरचा आकडा मुंगीच्या पावलाने सरकायचा. आकडा थबकला की ठकीचा श्वासही थबकायचा. मग तो पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवायचा.

नक्कल झाली, शोध सुरू झाला. नुसते क्रमांक असलेल्या फायली एकेक करून वर येऊ लागल्या. हेडफोन एकच. एक कान तिचा, एक त्याचा, आणि मधल्या जागेत दोघांची तारांबळ. ससा सापडला तेव्हा तो खदखदून हसला आणि त्याच्या खांद्याचा धक्का तिला लागला. दोघांपैकी कुणीच सरकून बसलं नाही.

घरी मात्र ठकी मावशीची नजर चुकवत होती. मावशी खेळाची तयारी करत होती. डिस्क कुठंय, असं तिने दोनदा विचारलं. तपासायला दिलीय, असं सांगून ठकीने वेळ मारून नेली. मावशीने विश्वास ठेवला, आणि तेच ठकीला जास्त लागलं. मावशीकडे स्वतःचं म्हणून दुसरं होतंच काय? जो आवाज गळ्यात उरला नाही, तो ठकीने एका बोटाने पुसला होता.

खेळाच्या आदल्या दिवशी दुपारी ती त्याच्या खोलीत गेली, तर संगणकाचा पडदा बंद होता आणि तो काच पुसत बसला होता. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"शोध संपलाय," तो म्हणाला. "काल संध्याकाळीच संपला. डिस्कची सुरुवात नव्या मजकुराखाली गेलीय. तिथलं काही परत येणार नाही."

तिथे काय होतं ते ठकीला सांगावं लागलं नाही. सगळ्यात आधी तिने म्हातारीच्या खेळाची शेवटची सीडी डिस्कवर उतरवली होती. त्यातला शेवट कुठल्याच फायलीत मिळाला नव्हता.

"कालच का नाही सांगितलं?"

"भीती वाटली." त्याने काच खाली ठेवली. "काम संपलं म्हटलं की तुम्ही येणार नाही... तू येणार नाहीस."

ठकीला राग आला. पुरती एक रात्र तिने खोट्या आशेवर काढली होती. बोलायला तिने तोंड उघडलं आणि तिला मावशीचा चेहरा आठवला. तिने स्वतः काय वेगळं केलं होतं? भ्यायली आणि गप्प राहिली, एवढंच.

"मला मावशीला सांगायचंय," ती म्हणाली. "एकटीने जमणार नाही. येशील?"

बाहुलीघरात मावशी म्हातारीच्या दोऱ्या तपासत होती. ठकीने सगळं एका दमात सांगितलं. सीड्या, यादीतली चुकीची ओळ, रोजचं खोटं, म्हातारीचा शेवट. मावशीच्या हातातल्या दोऱ्या सैल झाल्या आणि म्हातारी फळीवर कोसळली. मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. जाऊ दे, काही हरकत नाही, असलं ती काहीही म्हणाली नाही. ठकी लाकूड होऊन उभी राहिली. मग मावशीने पदराने डोळे टिपले आणि दाराशी घुटमळणाऱ्या माणसाकडे मान वळवली.

"हा कोण?" ती कुजबुजली.

दुरुस्ती करणारा, असं म्हणता आलं असतं. ओळखीचा, असंही. पण गेले काही दिवस लपवालपवी करून ठकी इतकी दमली होती, की तिच्या तोंडून खरंच बाहेर पडलं.

"जो मला सोडून जाईल अशी मला भीती वाटते ना, मावशी... तो हा."

बोलून गेल्यावर तिने दाराकडे पाहिलं. तो दारातून आत आला. चालता चालता बाहुल्यांच्या पेटीला अडखळला, पण थेट तिच्याशेजारी येऊन उभा राहिला.

"मी कुठे जातोय," तो म्हणाला. आवाज इतका बारीक, की मावशीचा त्याहून मोठा वाटावा.

मावशीने दोघांकडे पाहिलं, नाक ओढलं, आणि दोऱ्या पुन्हा बोटांत घेतल्या. फळीवरची म्हातारी उठली. पाठीवर हात ठेवून हळूहळू सरळ झाली आणि हनुवटी वर करून ठकीच्या तोंडाकडे बघू लागली.

"शेवट तुला पाठ आहे," मावशी कुजबुजली. "बोल."

ठकीने त्याचा हात धरला. मग स्वतःच्याच भेदरलेल्या आवाजात ती शेवटातलं म्हातारीचं पहिलं वाक्य बोलली, आणि म्हातारी चालू लागली.