दूर पाहण्याचे औषध

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला औषध दिलेच नाही. दूर पाहायला सांगितले. फोनला खिळलेली नजर अधूनमधून खिडकीबाहेर मोकळी सोडायची, आणि तेव्हा फोन हातात नको... बस्स, एवढेच.

ती बहिणीच्या शिवणघरात काम करी. दिवसभर तिचा अंगठा परक्यांची सुखे वर सरकवत राही, आणि अधेमध्ये कात्री चाले. गेल्याच आठवड्यात एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या होत्या. ताईने आवाज चढवला नाही, म्हणूनच ती जास्त घाबरली. "पुन्हा असं झालं, तर तू काजं-बटणंच कर," ताई म्हणाली होती. "कात्री माझ्याकडे."

म्हणून फोन बटणांच्या डब्यात गेला आणि नजर रस्त्यापलीकडे. तिथे तसबिरींना चौकटी बसवणारा एक तरुण, पुसलेली काच उजेडात धरून उभा होता. काचेआडचे त्याचे डोळे थेट तिच्यावर... ती गडबडून शिवणीकडे वळली.

सुरुवातीला डबा सारखा खुणावत राहिला. कुणाला काही आवडले असेल, कुणी काही लिहिले असेल — बोटे बटणे चाळून रिकामीच परत येत. पण हळूहळू खिडकीबाहेरचे जग स्पष्ट होऊ लागले : त्याच्या केसांतला लाकडाचा भुसा, ओठांत धरलेले बारीक खिळे, आणि त्याच्या काचेवरून उडून तिच्या छतावर येऊन थरथरणारा कवडसा.

मग एके दुपारी पाऊस उघडला. त्याच्या हातांतल्या मोठ्या काचेत सगळे धुतलेले आभाळ उतरले. हे सगळ्यांना दाखवायलाच हवे — तिचा हात डब्यात गेला. फोनचा पडदा उजळला, सूचनांचा ढीग कोसळला, आणि तिने मान वर केली तेव्हा ताईने ठेवलेला चहा गार झाला होता. समोर आभाळ नव्हते, काच नव्हती. तो नव्हता.

डब्याचे झाकण तिने त्या दिवशी घट्ट लावले.

दुसऱ्या दिवशी खिसा फाटलेला एप्रन घेऊन तो दारात उभा.

"काल तुम्ही मान खाली घातलीत, ती वर केलीच नाहीत," तो म्हणाला. "काच धरून माझे हात भरून आले. काही चुकलं का माझं?"

"मला डॉक्टरांनी दूर पाहायला सांगितलंय... डोळ्यांसाठी."

"म्हणजे माझ्याकडे नाही?" त्याचे कान लाल झाले. "आणि मी रोज केस विंचरून येतोय."

ताईचे मशीन थांबले.

"तुम्ही तरी काय पाहत होता?"

"डाग. काचेवरचे."

"एका काचेला इतका वेळ लागतो?"

"नाही..." तो हसला. "तेवढा नाही लागत."

तिने त्याच्या हातातला एप्रन घेतला. फोनवर कधी भेटाल, असे त्याने विचारले. संध्याकाळी थोडा वेळ, ती म्हणाली. शिवलेल्या कपड्यांचे फोटो टाकते, लांबच्या मैत्रिणीची खुशाली विचारते, आणि झाकण लावते.

"आणि बाकीचा दिवस?"

"खिडकीत," ती म्हणाली. "पहिले काही दिवस डॉक्टरांसाठी... नंतर नाही."

"हा इतका जवळ उभा राहिला, तर डोळ्यांचा व्यायाम व्हायचा कसा?" ताई पुटपुटली. मग तिने नव्या कोटाचे कापड बहिणीपुढे सरकवले, आणि त्यावर कात्री ठेवली.

डब्यात फोन थरथरला, बटणे खुळखुळली. दोघांपैकी कुणीच तिकडे पाहिले नाही.