न आलेली शिंक

"मावशी, काय आणू?" गडहिंग्लजच्या हॉटेलात वेटर अनंतानं तिसऱ्यांदा विचारलं.

सुलभानं उजवा कान चाचपला. रिकामा.

(          )

मठात अकरा वर्षं त्या कानात कर्णमणी होता. हरभऱ्याएवढं यंत्र, मठाचे गुरू तातामहाराज यांच्या आवाजात बोलणारं. घासाआधी थांबायचं, आज्ञा ऐकायची, मग खायचं. मठ सोडून तीन आठवडे झाले, थांबणं सुटलं नव्हतं.

"थालीपीठ की वडा? लग्न नाही ठरवायचंय, मावशी."

"दोन्ही आण," सुलभा म्हणाली आणि स्वतःच हसली.

दुपार. वाचनालयाचं सभागृह. माइकसमोर सुलभा.

मागच्या रांगेत मठाची माणसं, त्यांत धाकटी बहीण हेमा, कानात मणी. उद्या मठ तिला दूरच्या शाखेत धाडणार होता. आज तिनं ऐकलं नाही, तर पुन्हा भेट नव्हती.

"मण्यानं आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या, हृदयाच्या गोळ्या बंद करवल्या. अण्णा गेले."

(          )

लोकांना वाटलं, रडतेय. ती आज्ञेची वाट पाहत होती. आली नाही, तशी पुढे बोलली.

"ताताही चार वर्षांपूर्वीच गेले. एकांतवासात आहेत असं सांगून मठानं लपवलं. मण्यात बोलतं ते त्यांची प्रवचनं ऐकून शिकलेलं यंत्र."

"पुरावा काय?" मागून आवाज आला.

"तातांची तपकीर. दहा वाक्यं झाली की शिंक यायची, आठवतं? ध्वनिफिती साफ करताना शिंका कापायचं काम माझंच होतं. यंत्रानं त्या ऐकल्याच नाहीत. चार वर्षांत मण्यात एक तरी शिंक ऐकलीत?"

 प्रवचनाला पहिल्या रांगेत बसायचे असे एक आजोबा हळूच म्हणाले, "तरीच माझा सदरा हल्ली कोरडा असतो."

हसू रांगेभर पसरलं. हेमा हसली नाही. मण्यावर बोट ठेवून पुटपुटली, "ताता, एकदा शिंका ना."

थोडा वेळ ऐकत राहिली.

"काय म्हणतो?" आजोबांनी विचारलं.

"म्हणतो, 'शिंकलो, बाळ.'"

आणि हेमा अशी हसत सुटली, की मणी कानातून निसटून खुर्च्यांखाली गेला. तो शोधायला कोणीच वाकलं नाही.

पुन्हा तेच हॉटेल.

"ताई, काय आणू?" अनंतानं हेमाला विचारलं.

(          )

हेमानं कान चाचपला, मग सुलभाकडे पाहिलं. "तूच सांग ना, ताई."

सुलभाच्या ओठांवर 'थालीपीठ' आलं होतं. तिनं ते गिळलं. हेमाचा कान तर रिकामा झाला. आता त्यात कोणाचा आवाज बसणार?