आत्याची शेवटची टेप

"कँटीन इथेच का?"

मी ओव्हनमधून ट्रे बाहेर काढत होते. दारात एक उंच तरुण उभा होता, छातीशी खोका धरून. संग्रहालयाच्या तळघरात सहसा कोणी फिरकत नसे.

"इथे टेपा शेकतात," मी म्हणाले.

"आणि खातं कोण?"

मी हसले. किती दिवसांनी हसले, कोण जाणे.

जुन्या टेपा दमट हवेनं चिकट होतात. तशाच लावल्या तर यंत्राला चिकटतात, आवाजाचा थरच खरवडून निघतो. म्हणून आधी मंद उबेवर शेकायच्या, निवू द्यायच्या आणि मग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून संगणकात उतरवून घ्यायच्या. तासाच्या टेपला तास लागतो. तेवढा वेळ कोणीतरी कान देऊन बसावं लागतं… ते कोणीतरी म्हणजे मी. दिवसभर माझ्या कानात माणसं बोलत असत, पण माझ्याशी कोणीच नाही. संध्याकाळी घरी गेलं की तेही बंद.

त्याच्या खोक्यात त्याच्या आत्याच्या टेपा होत्या. आत्या आयुष्यभर एकटी राहिली. पहाटे उठून खिडकीशी बसायची आणि पक्ष्यांचे आवाज टेपवर भरायची. ती गेल्यावर टेपा संग्रहालयाला द्यायचं ठरलं, पण त्याला आधी आत्याला ऐकायचं होतं. मी त्याला दुसरा हेडफोन दिला.

"आज वारा आहे. पक्षी उशिरा बोलतील," आत्या म्हणाली आणि तो डोळे मिटून गोड हसला. तेव्हापासून मी त्याला 'पुतणेराव' म्हणू लागले.

दर शनिवारी तो यायचा. आमच्या हेडफोनच्या वायरींचा हमखास गुंता व्हायचा.

"पुतणेराव, हा गुंता तुम्हीच करता."

"सोडवायला दोघं लागतात ना, म्हणून…"

त्याची बोटं माझ्या बोटांना लागायची आणि मी उगाचच यंत्राची बटणं पुसत बसायचे. पण खोका रिकामा होत चालला तसा माझा जीव खालीवर होऊ लागला. टेपा संपल्यावर हा कशाला येईल? विचारायला धीर होत नव्हता. ऐकायची इतकी सवय झालेली, की बोलायचं राहूनच जायचं.

शेवटच्या टेपवर आत्यानं नेहमीसारखं हवामान सांगितलं आणि मग काहीच नाही. नुसती खरखर.

"यात काही नाहीये," तो म्हणाला. "बंद करा ना."

"मधे थांबवायची नसते. शेवटपर्यंत ऐकायची."

"नियम?"

"नियम," मी म्हणाले. त्या दिवशी मला तो नियम फार आवडला.

आम्ही ऐकत राहिलो. मधेच टेपवर खुर्ची करकरली, कोणी हलकेच खाकरलं. आत्या तिथेच बसून होती. टेप संपता संपता ती म्हणाली, "आज कोणी बोललं नाही. मी वाट बघितली… असो."

ते 'असो'… किती सवयीनं म्हणाली होती ती!

त्यानं डोळे पुसले, हेडफोन काढून ठेवला आणि उठला. "निघतो मग. तुम्हाला फार त्रास दिला…"

"थांब," मी म्हणाले. अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं. "टेपा संपल्या तरी येत जा. मला तुझी वाट बघायला आवडतं, पण तू येणार असशील तरच. मला… तू आवडतोस."

तो खाली बसला.

"मघाशी बंद करा म्हणालो ना," तो हळूच म्हणाला, "टेप संपत चाललेली बघवत नव्हती म्हणून. मला वाटलं, ही संपली की तू मला दारापर्यंत पोहोचवणार."

"वेडा आहेस."

"उद्या येऊ?"

"उद्या रविवार. संग्रहालय बंद असतं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "पत्ता सांग."